नागपूरच्या छोट्या अंगणात सुगंधी गुलाबी वेली गुलाब

वेली गुलाब हा खऱ्या अर्थाने वेल नव्हे. काकडीला असतात तसे तणावे त्याला नसतात, मनीप्लँटसारखी भिंत धरणारी मुळेही नसतात आणि गुळवेलीप्रमाणे तो आधाराला वेढेही घेत नाही. त्याला असतात त्या फक्त लांबच लांब फांद्या, आणि त्या आपल्यालाच हाताने बांधाव्या लागतात. हे लक्षात न आल्यामुळे अनेक घरांच्या गेटशेजारी एक नेहमीचे दृश्य दिसते: खाली चार फूट नुसता काटेरी सांगाडा आणि सगळी फुले वर, शेजाऱ्यांच्या गॅलरीसमोर. जागा दहा बाय बाराची असली तरी फुले आपल्या नाकाशी यावीत असे वाटत असेल, तर फांद्या उभ्या न वाढवता आडव्या नेणे हीच या झाडाची मुख्य मशागत आहे.

जातीची निवड करताना मी प्रथम 'झेफिरीन द्रुआँ' या जातीचा विचार करतो. गडद गुलाबी रंग, दाट सुवास आणि जवळजवळ बिनकाट्याच्या फांद्या यांमुळे, जिथे येता-जाता अंगाला फांदी लागणारच अशा अरुंद जागेसाठी ती सोयीची ठरते. 1868 साली फ्रान्समधून आलेली ही जात बूर्बों गटातली आहे. हा गट हिंदी महासागरातील आजच्या रेयुनियाँ, म्हणजे पूर्वीच्या बूर्बों बेटावर आढळलेल्या गुलाबापासून निघाला, आणि आपल्याकडे खुंट म्हणून, म्हणजे ज्यावर कलम बांधतात ते मूळ रोप म्हणून, वापरला जाणारा 'एडवर्ड' गुलाब त्याचाच जवळचा नातलग आहे. चिनी गुलाबांपैकी 'ओल्ड ब्लश'चा वेली प्रकार मिळाला तर तोही घ्यावा. सुवास सौम्य असला तरी उष्णता सोसण्यात तो कणखर आहे. 1930 सालचा 'न्यू डॉन' फिकट गुलाबी आणि देखणा असला, अमेरिकेतील वनस्पतींचे पहिले पेटंट 1931 मध्ये त्यालाच मिळालेले असले, तरी त्याचा विस्तार पाहता लहान अंगणात तो लावू नये असे माझे मत आहे.

नर्सरीत मात्र ही नावे क्वचितच मिळतात. पिशवीवर बहुधा 'पिंक क्लाइंबर' एवढेच लिहिलेले असते. म्हणून रोप डिसेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान, फूल लागलेले असताना, सकाळी जाऊन आणि स्वतः वास घेऊनच निवडावे. माझे पहिले रोप मी हातगाडीवरून फुलाशिवायच घेतले होते. ते झपाट्याने वाढले, दुसऱ्या वर्षी त्याला झुबके आले, आणि ते निघाले बारीक पांढऱ्या फुलांचे. खुंटावर डोळा, म्हणजे हव्या जातीचा कोंब, बसवून केलेले कलम केव्हाच मेले होते आणि मी दोन वर्षे खुंटालाच शेणखत घालत होतो. तेव्हापासून रोप घेताना कलमाचा जोड आधी पाहतो: जोडाच्या वरून निघालेल्या निदान दोन जोमदार फांद्या असाव्यात आणि जोडाखाली एकही फुटवा नसावा. पुढेही जोडाखालून फुटवा आला तर तो कापू नये, माती बाजूला करून मुळाशी जिथून निघाला तिथून ओढून तोडावा. कापलेला फुटवा दुप्पट जोराने परत येतो.

जागेबाबत नागपुरात एकच पथ्य कसोशीने पाळावे: पश्चिमेची भिंत टाळावी. मे महिन्यात ती भिंत रात्री उशिरापर्यंत धग सोडत राहते आणि तिला टेकलेल्या फांद्या अक्षरशः भाजून निघतात. पूर्वेची भिंत किंवा कंपाउंड सर्वांत उत्तम, कारण तिथे सकाळचे पाच-सहा तास ऊन मिळते आणि दुपारी सावली येते. एसीच्या बाहेरच्या युनिटची गरम हवा झाडावर येणार नाही, हेही पाहून घ्यावे.

आपली काळी माती कसदार असते, पण पावसाळ्यात ती पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडून मुळे तुटतात. शिवाय भिंतीलगत बांधकामाचा मलबा पुरलेला असतो. त्यातील सिमेंट आणि चुन्यामुळे मुळातच विम्लधर्मी (अल्कलाइन) असलेली माती आणखी विम्लधर्मी होते, आणि मग पान पिवळे, शिरा मात्र हिरव्या, असे लोहाच्या कमतरतेचे लक्षण दिसू लागते. म्हणून भिंतीपासून दीड फूट अंतर सोडून दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्यावा, मलबा पूर्ण काढून टाकावा आणि एक भाग काळी माती, एक भाग कन्हान नदीची जाड रेती किंवा चाळलेला मुरूम आणि एक भाग वर्षभर कुजलेले शेणखत असे मिश्रण भरावे. त्यात दोन मुठी निंबोळी पेंड मिसळली म्हणजे वाळवीचा त्रास कमी होतो; ताजे शेण घातल्यास हुमणी, म्हणजे मुळे खाणारी अळी, मात्र हमखास येते. खड्डा जमिनीच्या पातळीवरच संपवू नये. चिकण मातीतला भुसभुशीत खड्डा पावसाळ्यात टाक्यासारखा भरतो, म्हणून वर आठ-नऊ इंचांची गादी करून तिच्यावर रोप लावावे आणि कलमाचा जोड मातीच्या दोन इंच वर ठेवावा. लागवडीला पाऊस ओसरल्यानंतरचा ऑक्टोबर सर्वांत चांगला, कारण मे येईपर्यंत मुळांना सहा-सात महिने मिळतात; हिवाळ्यात फूल पाहून आणलेले रोप तोवर कुंडीत सांभाळावे.

आता बांधणीविषयी. भिंतीत हूक बसवून जमिनीपासून दीड-दीड फुटांवर जीआय तारेच्या चार आडव्या ओळी ओढाव्यात. तार आणि भिंत यांच्यामध्ये तीन-चार इंचांची पोकळी राहिली पाहिजे, म्हणजे हवा खेळती राहते आणि भुरी, म्हणजे पानांवरची पांढरी बुरशी, कमी येते. फांदी तारेच्या मागे खोवू नये, पुढून सुतळीने इंग्रजी आठच्या आकड्यासारखा सैल फास देऊन बांधावी. नवी फांदी कोवळी, लालसर आणि लवचीक असते. ती पेन्सिलीएवढी जाड झाली की एका दिवसात न वाकवता आठवड्याला थोडी थोडी खाली आणत आडवी करावी. घाई केली तर ती बुडाशी कट्कन तुटते, आणि तो आवाज ऐकल्यावर त्या दिवशी दुसरे काही करावेसे वाटत नाही.

आडवे नेण्याचे कारण असे की फांदी उभी असते तोवर तिच्या शेंड्यात तयार होणारे ऑक्सिन हे संप्रेरक खाली उतरते आणि बाजूच्या डोळ्यांना दाबून ठेवते. फांदी आडवी झाली की हा दाब सैल पडतो. दोन-तीन आठवड्यांत फांदीच्या वरच्या अंगाला, पेरापेरावर, ज्वारीच्या दाण्याएवढे लाल कोंब फुगलेले दिसतात; त्यांतला प्रत्येक कोंब वीतभर वाढतो आणि त्याच्या टोकाला कळी धरतो. सहा फुटांच्या एका उभ्या फांदीला शेंड्यावर एक झुबका येतो, तीच फांदी आडवी केली तर सबंध लांबीभर फुलते.

छाटणी झुडपी गुलाबासारखी करू नये. अनेक वेली जाती या झुडपी जातींपासून उत्परिवर्तनाने झालेल्या असतात आणि पहिल्या एक-दोन वर्षांत त्या खोल छाटल्या तर पुन्हा झुडूप होऊन बसतात. पहिली दोन वर्षे फक्त वाळलेले काढावे. तिसऱ्या वर्षापासून ऑक्टोबरच्या उत्तरार्धात मुख्य फांद्या तशाच ठेवून बाजूच्या फुटव्यांचे दोन-तीन डोळे राखून बाकी भाग सिकेटरने (छाटणीच्या कात्रीने) कापावा, आणि एकूण पाच-सहा मुख्य फांद्यांपैकी सर्वांत जुनी एक बुडापासून काढावी. जाड कापावर बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावावी. संत्र्याच्या बागाईतदाराला हे सांगावे लागत नाही. छाटणीनंतर झाडाला आठ-दहा किलो शेणखत द्यावे. साधारण दीड महिन्यात बहर येतो.

रोगांत थंडीत पानांवर भुरी येते. पाण्यात मिसळणारे गंधक लिटरला दोन ग्रॅम याप्रमाणे फवारावे, पण ऊन तापू लागल्यावर कधीही नाही, पाने जळतात. पावसाळ्यात काळे ठिपके पडलेली पाने वेचून घराबाहेर टाकावीत, कंपोस्टमध्ये नकोत.

खरी परीक्षा उन्हाळ्याची. मार्चअखेरपासून नव्या कळ्या खुडून टाकाव्यात, खत पूर्ण बंद करावे आणि आळ्यात वाळलेला पालापाचोळा किंवा गव्हाचे कुटार (भुसा) चार बोटे जाड पसरावे. पाणी पहाटे द्यावे. गच्चीवरच्या काळ्या टाकीतले दुपारचे पाणी मुळांना उकळते ठरते. कूलरच्या टाकीत उरलेले पाणीही झाडाला घालू नये, कारण पाणी उडून जाते आणि क्षार मागे साचत राहतात. नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या, दिवसांत हिरवी शेडनेट झाडापासून हातभर दूर बांधावी. पानांच्या मागे बारीक जाळी आणि लाल ठिपके दिसले तर तो लाल कोळी; पहाटे पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या मागून मारला की तो बराच आवरतो. या काळात अर्धी पाने गळाली तरी घाबरून जास्तीचे पाणी देऊ नये. फांदीला नखाने हलके खरवडून आत हिरवे दिसले, तर मृगाच्या पावसाने ती पुन्हा फुटते.