गणपतीला गावी निघण्याआधी: विकलेल्या मालाच्या गिऱ्हाइकांचा बंदोबस्त

पार्सल कुरिअरवाल्याच्या हातात गेलं की विक्री संपली असं वाटतं. गिऱ्हाइकाचं बोलणं खरं तर तिथून सुरू होतं, आणि ते सुट्टी पाळत नाही. ॲमेझॉनवर गिऱ्हाइकाच्या मेसेजला २४ तासांत उत्तर द्यावं लागतं. त्यात रविवार आला, चतुर्थी आली, गौरी-विसर्जनही आलं. आठवडाभर शटर ओढून कोकणात जाणार असाल तर बॅगा भरण्याआधी एवढं उरका. इथे तांब्याच्या बाटल्या आणि लोटे धरून लिहिलंय. साड्या विकत असाल तर तक्रारी वेगळ्या, बाकी सगळं तेच.

पहिलं काम तुमच्या मागे उत्तरं देणाऱ्या दुसऱ्या माणसाच्या लॉगिनचं; आमच्याकडे तो माणूस म्हणजे भाचा. पासवर्ड कागदावर लिहून भाच्याला देणं म्हणजे दुसरा लॉगिन नव्हे. त्याने पासवर्ड टाकला की ओटीपी येतो तुमच्या फोनवर, आणि तुम्ही असता कशेडी घाटात. मागच्या वर्षी नेमकी इथेच माशी शिंकली, म्हणून जरा सविस्तर सांगतो. सेलर सेंट्रल म्हणजे ॲमेझॉनची विक्रेत्यांसाठीची साइट, तिच्या सेटिंग्जमध्ये ‘यूजर परमिशन्स’ आहे. तिथून त्याच्या ईमेलवर आमंत्रण पाठवायचं. त्याने त्यातल्या लिंकवरून स्वतःचा पासवर्ड आणि स्वतःचा मोबाइल नंबर घालून खातं उघडायचं. इथवर सगळेच येतात आणि झालं असं समजून थांबतात. झालेलं नसतं. तुम्ही परत आत जाऊन त्याला मेसेज, ऑर्डर आणि रिटर्नचे अधिकार एकेक करून द्यायचे असतात. नाही दिले तर त्याच्या पडद्यावर मेसेजचा रकानाच दिसत नाही. हे निघायच्या दिवशी करू नका. चार दिवस आधी करा, मग तुमचा फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि त्याला तुमच्यासमोर एका मेसेजला उत्तर द्यायला लावा.

‘व्हेकेशन’ सेटिंग चालू केलंय, मग काय घाई, असं म्हणणारे भेटतात. त्या सेटिंगने नवीन ऑर्डरी थांबतात. आधी विकलेल्या मालाचं गिऱ्हाईक थांबत नाही, आणि २४ तासांचं घड्याळही थांबत नाही. निघण्याआधीच्या आठवड्यात गेलेला माल तुम्ही आरतीला उभे असताना लोकांच्या घरी उघडला जाणार, हे लक्षात घ्या. म्हणून दुसरा लॉगिन.

आता तयार उत्तरं. तांब्यात तक्रारी ठरलेल्या तीन. एक, ‘आतून काळी पडली’. तांबं पाण्याने आणि हवेने काळपट पडतंच. लिंबू-मीठ किंवा चिंचेने आतून घासून लगेच धुवायचं आणि पुसून कोरडं करायचं. बाहेरून लॅकर (चकाकी टिकवणारा पारदर्शक लेप) असलेल्या बाटलीला मात्र हे लावू नका असं उत्तरात स्पष्ट लिहा, नाहीतर चट्टे पडतात आणि दुसरी तक्रार येते. सोबत हेही सांगा की तिच्यात ताक, सरबत असलं आंबट काही ठेवायचं नाही, कारण आंबटाने तांबं सुटून पेयात उतरतं. दोन, ‘झाकणातून गळते’. दहातल्या बऱ्याच वेळा झाकणातली सिलिकॉनची रिंग खाचेतून उठलेली असते. रिंग काढून परत बसवायला सांगा. तरी गळली तर वाद न घालता बदलून द्या. तीन, ‘पोचा आलाय’. इथे आधी फोटो मागायचे: बंद खोक्याचा लेबलसकट एक, उघडल्यावर आतल्या पॅकिंगचा एक, पोच्याचा जवळून एक. एकाच मेसेजात तिन्ही मागा. रोज एकेक मागितला की तिसऱ्या दिवशी गिऱ्हाईक ॲमेझॉनकडे पैसे परत मिळण्याचा दावा ठोकतं आणि त्याचं चूकही नसतं.

उत्तर असं हवं: ‘नमस्कार. पोचा आल्याबद्दल क्षमस्व. खाली लिहिलेले तीन फोटो पाठवा. फोटो मिळाले की त्याच दिवशी बदली की पैसे परत ते कळवतो.’ आणि मग खरंच त्याच दिवशी कळवायचं. हिंदीत विचारलं तर हिंदीत, इंग्रजीत विचारलं तर इंग्रजीत; म्हणजे तिन्ही उत्तरं तीन भाषांत लिहून भाच्याच्या फोनमध्ये टाकून ठेवा. ऑर्डर नंबर घालायला विसरू नये एवढंही त्याला सांगा.

काय लिहायचं नाही, हे तर त्याला पाठच करायला लावा. ‘व्हॉट्सॲपवर या’ नाही. आपल्या वेबसाइटची लिंक नाही, पुढच्या खरेदीचं कूपन नाही. ‘पाच स्टार द्या, पैसे परत करतो’ तर अजिबात नाही. याने खातं बंद होऊ शकतं. रिव्ह्यू हवा असेल तर ऑर्डरच्या पानावर ‘रिक्वेस्ट अ रिव्ह्यू’ बटण आहे, माल पोचल्यापासून ५ ते ३० दिवसांत एकदा दाबता येतं. परत आल्यावर दाबा. लेबलवरचा फोन नंबर डिलिव्हरीपुरता असतो. त्यावर दिवाळीची जाहिरात पाठवायची नाही.

एक बारीक गोष्ट: ‘ओके, थँक्स’ असा मेसेज आला तरी तो बिनउत्तराचाच धरला जातो. त्याला उत्तर द्या किंवा ‘नो रिस्पॉन्स नीडेड’ दाबा. हे बटण दाबायलाही लॉगिन लागतो. दुसऱ्या माणसाचा. त्याच्या नंबरवर ओटीपी येणारा.

कायद्याचंही थोडं. ई-कॉमर्सच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांप्रमाणे विक्रेत्यालाही तक्रार अधिकारी नेमावा लागतो, तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात. छोट्या दुकानात तो अधिकारी म्हणजे तुम्हीच. पॅकवर तुमचंच नाव आणि नंबर छापलेला असेल, तर गावाला जाताना कॉल भाच्याकडे फॉरवर्ड करा. सदोष माल परत घ्यायला नकार देता येत नाही, ‘सेलमधला आहे’ म्हणूनही नाही. गिऱ्हाईक वैतागलं तर १९१५, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, फिरवतं, मग निस्तरत बसावं लागतं.

रिटर्नची पार्सलं येतील. घ्यायला कोणी हवं, उघडताना व्हिडिओ हवा, लेबल दिसलं पाहिजे. किती रुपयांपर्यंत पैसे परत करायला भाच्याने विचारायचं नाही, तो आकडा ठरवून द्या. आम्ही ५०० धरतो. बिलांच्या पीडीएफ, रिंगांचं पाकीट, टेप, ठेवा टेबलावर.

आदल्या रात्री त्याला पुन्हा एकदा लॉगआउट करून आत जायला सांगा आणि विचारा, ओटीपी कोणाच्या फोनवर आला. तुमचा वाजला असेल तर बॅगा खाली ठेवा.