वर्गात एक मूल पडते, तेव्हा उरलेल्या 29 मुलांचे काय?

प्रथमोपचाराची बहुतेक प्रशिक्षणे एक रुग्ण आणि एक मदतनीस एवढेच चित्र डोळ्यांसमोर ठेवून दिली जातात. प्राथमिक शिक्षकाची स्थिती तशी नसते. शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक शाळेत एका शिक्षकामागे 30 मुले हे प्रमाण धरले आहे. म्हणजे एका मुलाला फिट आली, तर त्याच क्षणी सहा-सात वर्षांची 29 मुले ते पाहत असतात आणि त्यांतले एखादे घाबरून फाटकाकडे पळू शकते. म्हणूनच इंदूरमध्ये डी.एल.एड. या प्राथमिक शिक्षकांच्या पदविकेच्या छात्राध्यापकांना, म्हणजे शिकाऊ शिक्षकांना, आरोग्य आणि सुरक्षेचे प्रशिक्षण देताना मी सुरुवात वर्ग सांभाळण्यापासून करते, आणि हे काम हाती घेणाऱ्या सहकाऱ्यांनीही तसेच करावे, असा माझा आग्रह आहे.

पहिल्या दिवशी बाके आणि फळा खऱ्या वर्गासारखे मांडावेत. एकीने शिक्षिका व्हावे, एकाने फिट आलेले मूल व्हावे आणि बाकीच्यांनी दुसरीची मुले. एका तुकडीत शिक्षिका झालेली मुलगी मनापासून धावली, गुडघे टेकून बसली आणि चार मिनिटे तिने वर्गाकडे पाहिलेच नाही. मान वर केली तेव्हा तीन ‘मुले’ खोलीबाहेर गेली होती. तिला रडू आले. आम्ही तोच प्रसंग लगेच पुन्हा केला; या वेळी ती भिंतीकडे पाठ आणि वर्गाकडे तोंड करून बसली. एवढ्या एका बदलाने पुढचे सारे सोपे झाले.

क्रम असा शिकवावा. आधी वर्गाला स्थिर आवाजात एकच सूचना द्यावी, मग शेजारच्या वर्गावर दोन मुलांना पाठवावे आणि त्याच वेळी पडलेल्या मुलाकडे वळावे. निरोपाला एकटे मूल धाडू नये. ते वाटेत घाबरते किंवा निरोप विसरते. आपण घरी मराठी बोलत असलो तरी इथल्या शाळांतली बहुतेक मुले हिंदी किंवा माळवी बोलतात, त्यामुळे ‘सब अपनी जगह बैठे रहो’ हे वाक्य छात्राध्यापकांकडून मोठ्याने म्हणवून घ्यावे. संकटात तोंडात पहिल्यांदा आपली घरची भाषा येते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

फिट आली तर घड्याळ पाहावे, आजूबाजूची बाके सरकवावीत, डोक्याखाली घडी केलेली ओढणी ठेवावी आणि मुलाला कुशीवर वळवावे. हातपाय दाबून धरू नयेत. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नये. कांदा किंवा चप्पल हुंगवण्याचा काडीचाही उपयोग नाही. झटका 5 मिनिटांहून लांबला, पुन्हा आला किंवा तो पहिलाच असेल, तर 108 ला फोन करावा. झटक्यात कपडे ओले होऊ शकतात, म्हणून मूल शुद्धीवर येण्याआधी त्याच्यावर पांघरूण घालावे. उद्या त्याला याच मुलांमध्ये येऊन बसायचे आहे.

घास किंवा शेंगदाणा घशात अडकला आणि मूल खोकू शकत असेल, तर त्याला खोकू द्यावे. आवाजच फुटत नसेल, तर त्याला पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या पात्यांमध्ये तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने 5 थापा द्याव्यात. तेवढ्याने सुटले नाही तर मागे गुडघ्यांवर बसून बेंबीच्या किंचित वर मूठ ठेवून आत-वर असे 5 दाब द्यावेत, आणि हे आलटून पालटून चालू ठेवावे. मूल बेशुद्ध झाले तर त्याला जमिनीवर निजवून छातीदाब सुरू करावेत. पोटावरचे दाब सरावात जोडीदारावर कधीही देऊ नयेत, इजा होते. खुर्चीला उशी बांधून ते शिकवावेत आणि जोडीदारावर फक्त मुठीची जागा दाखवावी.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात आटोपता येतात. घोळणा फुटला तर मान मागे न टाकता पुढे झुकवून नाकाचा मऊ भाग 10 मिनिटे सलग दाबून धरावा. भाजले तर 20 मिनिटे वाहते पाणी. हळद नको, टूथपेस्ट नको. कुत्रा चावला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुऊन त्याच दिवशी लशीसाठी न्यावे. एप्रिलमध्ये इंदूरचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा खिशातल्या कांद्याने लू, म्हणजे उष्माघात, टळत नाही. मैदानावरचा तास सकाळी घ्यावा, आणि मूल बरळू लागले तर सावलीत अंग ओले करून वारा घालत 108 ला बोलवावे.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन सराव-शाळेची, म्हणजे छात्राध्यापक जिथे पाठ घेतात त्या शाळेची, फेरी करावी. 16 जुलै 2004 रोजी तमिळनाडूतल्या कुंभकोणमच्या शाळेत स्वयंपाकघरातली आग गवती छपराला लागली आणि 94 मुले गेली. पुढे 16 जुलै 2013 रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यात कीटकनाशक मिसळलेल्या तेलात शिजलेल्या मध्यान्ह भोजनाने 23 मुले दगावली. म्हणून फेरीत गॅसची टाकी आणि शेगडी यांतले अंतर पाहावे, तेलाचा डबा कशाशेजारी ठेवला आहे ते हात लावून पाहावे आणि वर्गाचे दार आतून सहज उघडते का ते स्वतः उघडून पाहावे. वाढण्यापूर्वी शिक्षकाने अन्न चाखायचे असते. तो नियम सहीपुरता उरू देऊ नये.

हजेरीपटाच्या आतल्या पानावर 108 (रुग्णवाहिका), 112 (आपत्कालीन मदत), 101 (अग्निशमन) आणि 1098 (मुलांसाठीची मदतवाहिनी) हे क्रमांक, प्रत्येक पालकाचा फोन आणि कुणाला दमा, फिट किंवा कशाची ॲलर्जी आहे, याची नोंद असावी. मुलाने लैंगिक छळाचे काही सांगितले तर 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. ‘आधी घरच्यांशी बोलू’ म्हणून थांबू नये, हे त्याच दिवशी स्पष्ट सांगावे.

परीक्षा मात्र लेखी घेऊ नये. सहा आठवड्यांनी, सराव-पाठ चालू असताना, मुख्याध्यापकांना आणि मुलांना आधी सांगून, पण छात्राध्यापकाला न कळवता, वर्गातल्या एका मोठ्या मुलाला ‘चक्कर आल्याचे’ नाटक करायला लावावे, आणि मागच्या बाकावर बसून छात्राध्यापकाची पाठ कुणीकडे आहे ते पाहावे.