कौटुंबिक न्यायालयाचे निकालपत्र लिंगभावाच्या अंगाने कसे तपासावे

न्यायाधीश स्त्री आहे की पुरुष, या प्रश्नापासून सुरुवात करू नये. कौटुंबिक न्यायालय अधिनियम, १९८४ च्या कलम ४ नुसार नेमणुकीत स्त्रियांना प्राधान्य द्यायचे आहे खरे. पण विवाहसंस्था टिकवण्याविषयी बांधिलकी असलेली व्यक्ती निवडावी, असेही तेच कलम सांगते, आणि ‘संसार मोडू नये’ हे ओझे खुर्चीवरच्या बाईंवरही तेवढेच असते. पक्षपात असलाच तर तो कारणमीमांसेत सापडतो.

म्हणून आधी मुद्दे व निष्कर्ष वाचावेत, मग प्रत्येक निष्कर्षामागचा पुरावा शोधावा आणि जे वाक्य साक्षीवर किंवा कागदावर टेकलेले नाही, त्याच्या समासात पेन्सिलीने खूण करावी. समजा, ‘अर्जदार पदवीधर असल्याने तिला नोकरी मिळणे अवघड नाही’ एवढ्याच आधारावर अंतरिम पोटगी कमी केली आहे. येथे थांबावे. रजनेश विरुद्ध नेहा (२०२०) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पक्षांना उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचे प्रतिज्ञापत्र देणे बंधनकारक केले, आणि घर, मुले व वृद्ध यांच्यासाठी पत्नीला नोकरीच्या संधी सोडाव्या लागल्या का, हेही पाहायला सांगितले. पदवीचा उल्लेख आहे, पण घर सांभाळण्यात गेलेल्या वर्षांचा नाही, असे दिसले तर खूण ठळक करावी.

मुलांच्या ताब्याच्या प्रकरणात पक्षकारांची अदलाबदल करून तेच वाक्य पुन्हा वाचावे. ‘आई रात्री उशिरा कामावरून येते’ हा दोष ठरत असेल, तर वडिलांचे उशिरा येणे तसेच मोजले आहे का? उलट, ‘पुरुषाला तान्हे मूल सांभाळता येत नाही’ हेही पुराव्याविनाचे गृहीतकच आहे. पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईकडे असावे, असे १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम म्हणतो. ‘सामान्यतः’ हा शब्द निकालपत्रात गळून पडलेला नाही ना, एवढे पाहावे.

शेवटी साक्षीच्या नोंदी मागवाव्यात. कौटुंबिक न्यायालय अधिनियमाच्या कलम १५ प्रमाणे साक्ष विस्ताराने लिहिण्याची गरज नसते. न्यायाधीश तिचा सारांश नोंदवतात. त्यामुळे ‘साक्षीदाराने स्वयंपाक येत नसल्याचे मान्य केले’ अशी ओळ दिसली, तर तो प्रश्न कोणी आणि कशासाठी विचारला होता, हे वकिलाला विचारून घ्यावे, कारण नोंदीत बहुधा फक्त उत्तर उरलेले असते.