व्हीएमवर फक्त नजर ठेवायचीये? आधी एवढं करा

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका चादरीच्या कारखान्यात प्रॉक्समॉक्सवर (एका सर्व्हरवर अनेक व्हीएम, म्हणजे आभासी मशीन, चालवणारं सॉफ्टवेअर) मॉनिटरिंग बसवायचंय, म्हणून लिहून ठेवतोय. मागच्या एका ठिकाणी डॅशबोर्डवर चुकून रीबूट दाबलं गेलं आणि बिलिंगचं व्हीएम खरंच रीबूट झालं. खातं रीड-ओन्ली आहे असं सगळे धरून चाललेलो, तपासलं कुणीच नव्हतं.

बॅकअप, घड्याळं जुळवणारं एनटीपी, हे सांगायला नको.

खातं वेगळं काढा. रूटचा, म्हणजे सगळे हक्क असलेल्या खात्याचा, पासवर्ड मॉनिटरिंगला द्यायचा नाही, तात्पुरता पण नाही, तात्पुरतं दिलेलं वर्षानुवर्षं तसंच राहतं. नवीन युजर, त्याला फक्त बघण्याचा पीव्हीईऑडिटर रोल, मग त्याच युजरचं एपीआय टोकन, म्हणजे स्क्रिप्टनं पासवर्डऐवजी वापरायची किल्ली. इथं हमखास अडकायला होतं. प्रिव्हिलेज सेपरेशन आपोआप चालू असतं, म्हणजे टोकनला परमिशन वेगळी द्यावी लागते, नाही दिली की व्हीएमची यादी रिकामी येते, मग वैतागून माणूस सेपरेशनची टिक काढतो, आणि टोकन रूटचं असेल तर रूटचे सगळे हक्क स्क्रिप्टच्या हातात जातात. टिक काढू नका, टोकनलाही ऑडिटर रोल द्या.

आता हे नीट वाचा. एक रिकामं टेस्ट व्हीएम बनवा, चालू कामाचं घेऊ नका, आणि मॉनिटरिंगच्याच टोकननं ते बंद करायचा प्रयत्न करा. ४०३, म्हणजे 'परवानगी नाही', आला पाहिजे. स्नॅपशॉट (व्हीएमची त्या क्षणाची जपलेली स्थिती) घेऊन बघा, परत ४०३. रोलचं नाव वाचून समाधान मानू नका, नकार स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

प्रॉक्समॉक्सऐवजी व्हीएमवेअरचं व्हीसेंटर असेल तर रीड-ओन्ली रोल देताना प्रोपगेट टू चिल्ड्रनची टिक ठेवा, नाहीतर खालचं काही दिसत नाही. आणि तिथंही टेस्ट व्हीएम बंद करून बघा, नकार येतो का. नुसतं लिनक्समधलं केव्हीएम असेल तर मॉनिटरिंगच्या युजरला लिबव्हर्ट (केव्हीएमची व्हीएम सांभाळणारं सॉफ्टवेअर) ग्रुपमध्ये टाकू नका, तो ग्रुप म्हणजे जवळपास रूटच. व्हर्श या लिबव्हर्टच्या कमांडला रीड-ओन्लीचा पर्याय आहे, तो वापरा, आणि हो, इथं पण नकार बघा.

रीड-ओन्ली खातं व्हीएमच्या नोट्स वाचू शकतं. तिथं कुणी पासवर्ड लिहून ठेवलेत का बघा, बऱ्याचदा असतात. आधी ते काढा आणि बदला.

व्हीसेंटरचे रिअलटाइम आकडे २० सेकंदांनी येतात, त्यामुळे दर ५ सेकंदाला विचारून फक्त लोड वाढतो. त्याच चार्टवर सीपीयू रेडी (व्हीएम सीपीयूची वाट बघत थांबलेला वेळ) १००० मिलिसेकंद म्हणजे त्या २० सेकंदांचे ५ टक्के.

मॉनिटरिंग त्याच होस्टवर ठेवू नका, होस्ट गेला की अलर्ट पण गेला. वेगळा छोटा पीसी, वेगळा यूपीएस. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळीसच्या वर असतो, सर्व्हर रूमला तापमानाचा सेन्सर लावाच. डिस्क ८० टक्क्यांना अलर्ट, जुने स्नॅपशॉट, सर्टिफिकेटची मुदत, बास.

गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) सुट्टीआधी एक टेस्ट अलर्ट फोनवर येतो का बघा. अपग्रेड झालं किंवा रोलला कुणी हात लावला, की ४०३ ची टेस्ट परत.