इम्पॅक्ट फॅक्टर बघून फिजिक्सचा पेपर पाठवताय? या चुका टाळा

पेपर लिहून झाला की पीएचडीच्या मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला, "सर, त्या जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर किती?" तिथे कसलं काम छापून येतं, आपल्या विषयातले लोक ते वाचतात का, हे क्वचितच कोणी विचारतं. त्याच त्याच चुका वर्षानुवर्षं बघून कंटाळा आलाय, म्हणून एकदा लिहून टाकतो.

आधी आकडा निघतो कसा ते बघा. समजा २०२४ चा इम्पॅक्ट फॅक्टर काढायचाय. २०२२ आणि २०२३ मध्ये त्या जर्नलने जे छापलं त्याला २०२४ या एका वर्षात जेवढी सायटेशन्स, म्हणजे दुसऱ्या पेपरांनी दिलेले संदर्भ, मिळाली ती वर, त्या दोन वर्षांतले रिसर्च आर्टिकल आणि रिव्ह्यू मिळून किती ते खाली, आणि भागाकार. हा आकडा क्लॅरिव्हेट ही कंपनी दरवर्षी जूनमध्ये जर्नल सायटेशन रिपोर्ट्समध्ये देते, पूर्वी हे काम थॉमसन रॉयटर्सकडे होतं. दुसऱ्या कोणी दिलेला आकडा हा इम्पॅक्ट फॅक्टर नव्हे.

आणि सगळ्यात मोठी चूक इथेच होते, बनावट आकड्याला भुलायची. माझ्या ओळखीतला एक मुलगा स्प्रे पायरोलिसिसने झिंक ऑक्साईडच्या थिन फिल्म्स करायचा. काम मन लावून केलेलं, एक्सआरडी (एक्स-रेने केलेली स्फटिकरचनेची तपासणी) स्वच्छ, गॅस सेन्सिंगचे रिझल्ट पुन्हा पुन्हा घेऊन तपासलेले. त्याला एक मेल आली, इम्पॅक्ट फॅक्टर सातच्या वर, तीन दिवसांत पब्लिकेशनची हमी. गाईडला न विचारता त्याने फी भरली. रेफरीचा, म्हणजे पेपर तपासणाऱ्या तज्ज्ञाचा, शेरा काय तर "इंग्लिश सुधारा", बास. छापलेला पेपर बघितला तर एक्सआरडीचा ग्राफ इतका बारीक की पीकवरचे आकडे वाचता येत नाहीत. पुढे इंटरव्ह्यूला कमिटीने जर्नल सायटेशन रिपोर्ट्समधली नोंद मागितली तेव्हा कळलं की जर्नलच्या साईटवर लिहिलंय "ग्लोबल इम्पॅक्ट फॅक्टर", ज्याचा क्लॅरिव्हेटशी काडीचा संबंध नाही. पेपर धरलाच नाही. मग त्याने ठरवलं की तो मागे घेऊन चांगल्या जर्नलला पाठवू, तर मागे घ्यायचेही पैसे मागितले, डॉलरमध्ये, आणि नंतर उत्तरं यायचीच बंद झाली. दुसरीकडे पाठवावा तर नक्कल पकडणारं सॉफ्टवेअर सांगणार की हा मजकूर आधीच छापलेला आहे. एवढ्या मेहनतीचा डेटा कायमचा अडकला. तीन दिवसांची घाई त्याला किती महागात पडली ते मी जवळून बघितलंय, त्यामुळे शॉर्टकट सांगणाऱ्यांचा मला खरंच राग येतो.

माझी सवय सांगतो. मेलमधल्या लिंकवर मी कधीच जात नाही. क्लॅरिव्हेटची मास्टर जर्नल लिस्ट फुकट बघता येते, तिथे आयएसएसएन (जर्नलचा ओळख क्रमांक) टाकतो, कारण चांगल्या जर्नलचं नाव चोरून हुबेहूब साईट काढणारेही आहेत, आणि मग प्रकाशकाच्या मूळ साईटवरून जर्नलच्या पानावर जातो. त्या लिस्टमध्ये आकडा दिसत नाही, जर्नल आहे की नाही एवढं कळतं, पण पहिली चाळणी म्हणून तेवढं पुरतं. मग एडिटोरियल बोर्ड वाचतो, त्यातल्या निदान दोघातिघांचे पेपर मी वाचलेले असले पाहिजेत.

"यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) यादीत आहे" हा आधार तर आता उरलेलाच नाही. २०१८ मध्ये यूजीसीने आपल्या यादीतून ४,३०५ जर्नल्स एका फटक्यात काढली, मग २०१९ ला पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातून केअर लिस्ट ही मान्य जर्नल्सची नवी यादी सुरू झाली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद झाली. "यूजीसी केअर अप्रूव्ह्ड" असं आजही कुठे मिरवलेलं दिसलं तर तिथून बाहेर पडा.

दुसरी चूक म्हणजे वेगवेगळ्या शाखांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करायची. ॲडव्हान्स्ड मटेरियल्सचा इम्पॅक्ट फॅक्टर पंचवीसच्या वर आणि फिजिकल रिव्ह्यू बी चा तीनच्या आसपास, म्हणून फिजिकल रिव्ह्यू बी हलकं? कम्युनिकेशन्स इन मॅथेमॅटिकल फिजिक्सचा आकडा दोन-अडीचच्या घरात असतो आणि तिथे पेपर लागणं ही मॅथेमॅटिकल फिजिक्सवाल्यांसाठी फार मोठी गोष्ट आहे. मटेरियल्समध्ये माणसं जास्त, पेपर जास्त, एकमेकांना सायटेशन लगेच मिळतात. थिअरीत एखादा पेपर लोकांच्या पचनी पडायलाच तीन-चार वर्षं जातात, तोपर्यंत दोन वर्षांची खिडकी बंद झालेली असते. डीएफटी (पदार्थातल्या इलेक्ट्रॉनांचं गणित मांडायची पद्धत) करणाऱ्यांना त्यातलं पीबीई हे सूत्र माहीत असेलच, १९९६ चा फिजिकल रिव्ह्यू लेटर्समधला पेपर, आजही त्याला दरवर्षी हजारो सायटेशन्स मिळतात आणि त्यातलं एकही त्या जर्नलच्या आजच्या इम्पॅक्ट फॅक्टरमध्ये धरलं जात नाही.

उलटंही होतं. जानेवारी २००८ मध्ये ॲक्टा क्रिस्टलोग्राफिका सेक्शन ए मध्ये जॉर्ज शेल्ड्रिक यांचा शेलएक्स या सॉफ्टवेअरवरचा लेख आला. क्रिस्टल स्ट्रक्चर सोडवणारे सगळेच तो साईट करायला लागले आणि जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर २ वरून २००९ ला जवळपास ५० झाला. २०१० ला ५० च्याही वर. २०११ ला तो लेख खिडकीबाहेर गेला आणि आकडा परत २ वर! बाकीचे पेपर या सगळ्यात होते तसेच होते. म्हणून मी एका वर्षाचा आकडा कधीच बघत नाही, पाच वर्षांचा बघतो, आणि मध्येच उडी दिसली तर कशामुळे ते शोधतो.

मग जर्नल निवडायचं कसं? मी आपल्याच पेपरची रेफरन्स लिस्ट काढतो आणि कोणतं जर्नल किती वेळा आलंय ते पेन्सिलीने मोजतो. जे दोन-तीन सारखे येतात, तिथेच आपले वाचक आणि आपले रेफरी आहेत. शास्त्रशुद्ध पद्धत वगैरे नाही ही, पण कामाची आहे.

वरून खाली उतरत यायची घाई पण नको. आधी नेचर फिजिक्स, मग फिजिकल रिव्ह्यू लेटर्स, मग बी, असं करत वर्ष जातं आणि तोवर दुसरा कोणी तेच काम अर्काइव्हवर (छापण्याआधीच पेपर टाकायची साईट, arXiv) टाकतो. आपलं काम लेटर्सच्या लायकीचं वाटत असेल तर जरूर पाठवा, आणि नाहीच घेतलं तर तिथूनच रेफरी रिपोर्टसकट फिजिकल रिव्ह्यूच्या दुसऱ्या जर्नलला ट्रान्सफर करता येतो, ते करा.

बाकी छोट्या चुका. साईटस्कोअर म्हणजे इम्पॅक्ट फॅक्टर नाही, तो स्कोपस या वेगळ्या डेटाबेसचा असतो, चार वर्षांच्या हिशोबाचा. एआयपी कॉन्फरन्स प्रोसीडिंग्जला इम्पॅक्ट फॅक्टर नाहीच, बायोडेटात कुठून तरी आणून लिहू नका. सगळ्या पेपरांची बेरीज करून "टोटल इम्पॅक्ट फॅक्टर" लिहिणं तर ताबडतोब थांबवा, जर्नलचा आकडा तुमच्या पेपरचा होत नाही. हो, यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत इम्पॅक्ट फॅक्टरप्रमाणे गुण आहेत, १ ते २ ला १५, २ ते ५ ला २०, ५ ते १० ला २५, त्यामुळे नोकरीतल्या माणसाला आकडा बघावा लागतो हे मला मान्य आहे. पण त्याच नियमांत आकडा थॉमसन रॉयटर्सच्या यादीप्रमाणे धरा असंही लिहिलंय, ते कोणी वाचत नाही.

शेवटी पैशाचं. ॲस्ट्रॉनॉमीवाल्यांनो, ॲस्ट्रोफिजिकल जर्नल २०२२ पासून आणि मंथली नोटिसेस २०२४ पासून पूर्ण ओपन ॲक्सेस झालीयेत, म्हणजे वाचकाला फुकट आणि फी लेखकाच्या बाजूने, फी कोण भरणार ते सबमिट करायच्या आधी गाईडशी बोलून घ्या, सवलत मिळते का तेही तेव्हाच विचारा. हाय एनर्जीवाल्यांना जर्नल ऑफ हाय एनर्जी फिजिक्ससारख्या जर्नल्समध्ये स्कोप-थ्रीमुळे (SCOAP3, लेखकांऐवजी खर्च उचलणारा संस्थांचा गट) काहीच भरावं लागत नाही. त्यात कोणती जर्नल्स येतात ती यादी स्कोप-थ्रीच्या साईटवर आहे.