हार्टब्लीड: जुना सर्व्हर हातात आला तर आधी हे करा

२०१२-१४ च्या काळातला, नंतर कुणी हातच न लावलेला लिनक्स सर्व्हर तुमच्या गळ्यात पडला असेल तर सगळ्यात आधी ओपनएसएसएलचं (कनेक्शन एन्क्रिप्ट करणारी लायब्ररी) व्हर्जन बघा, हार्टब्लीड हे तिच्यातलंच भोक. १.०.१ ते १.०.१एफ धोक्याचे, ७ एप्रिल २०१४ ला आलेल्या १.०.१जी मध्ये फिक्स आहे. पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका, कारण डेबियन-उबुंटूवाले जुन्याच नंबरात पॅच टाकतात, म्हणून बिल्डची (पॅकेज तयार झाल्याची) तारीखही बघायची.

घोळ काय होता, तर कनेक्शन जिवंत आहे का बघायला हार्टबीट मेसेज जातो, समोरचा हल्लेखोर एकच बाइट पाठवतो आणि सांगतो ६४ केबी पाठवलेत, आणि सर्व्हर न मोजता तेवढी मेमरी उचलून परत देतो! त्यात पासवर्ड, कुकी, अगदी प्रायव्हेट की (सर्व्हरची गुप्त किल्ली) सुद्धा, आणि लॉगमध्ये सहसा काहीच दिसत नाही.

तर पॅकेज अपडेट करा आणि सर्व्हिसेस रीस्टार्ट करा. इथेच लोक फसतात. अपडेट झालं तरी एनजिनएक्ससारखा वेब सर्व्हर किंवा मेल सर्व्हर मेमरीतली जुनी लायब्ररीच वापरत बसतो, शंका असेल तर सरळ मशीन रीबूट मारा.

मग नवीन प्रायव्हेट की बनवा, जुन्याच कीवर नवं सर्टिफिकेट (साइटची ओळख पटवणारा दाखला) घेऊन काही उपयोग नाही हो, आणि जुनं सर्टिफिकेट रिव्होक (रद्द) करायला लावा. सगळ्यांचे सेशन बंद करा आणि पासवर्ड बदलायला सांगा, पण हे शेवटीच, आधी बदलले तर नवे पासवर्डही त्याच भोकातून जातील.