रानातली अळंबी ओळखायची तर आधी ठसा घ्या

पहिले दोन-चार दमदार पाऊस झाले की हिरवळीवर, कुंड्यांत, कुजक्या ओंडक्यांवर आणि वारुळांच्या कडेने अळंबी वर येतात, आणि त्यांच्याबरोबर जुने सल्लेही. शिजवताना चांदीचे नाणे टाका, काळे पडले तर विषारी. किड्यांनी खाल्लेले असेल तर निर्धोक. उकळून पाणी ओतून दिले की विष जाते. यातले एकही खरे नाही. गोगलगाई विषारी अळंबी बिनदिक्कत खातात, आणि अमॅनिटा वंशातल्या जीवघेण्या जातींचे विष कितीही उकळले तरी टिकून राहते.

पहिली पाहणी जागेवरच उरकावी: अळंबे मातीत आहे की लाकडावर, शेणावर की वारुळाजवळ, ते टिपून वरून, बाजूने आणि खालून फोटो घ्यावेत.

काढताना मात्र देठ चाकूने कापू नये, खुरप्याने बुडासकट उकरावे. नाहीतर अमॅनिटाच्या बुडाशी असणारी पातळ पिशवी मातीतच राहून जाते आणि आपण तिच्याशिवायच निवाडा करायला बसतो. वाळवीच्या वारुळातून येणाऱ्या टर्मिटोमायसिसचे, म्हणजे गोव्याच्या बाजारात पावसाळ्यात दिसणाऱ्या अळम्यांचे, लांबलचक मूळ थेट वाळवीने जोपासलेल्या बुरशीपर्यंत खाली गेलेले असते. ते हाती आले की निम्मे काम झाले.

छत्रीखाली कल्ले, म्हणजे पातळ उभे पडदे, आहेत की बारीक छिद्रे, देठावर कडे आहे का, एवढे घरी येऊन पाहावे.

यापुढचा टप्पा बीजाणूंच्या ठशाचा, म्हणजे कल्ल्यांतून झडणाऱ्या बीसारख्या बारीक भुकटीचा रंग पाहण्याचा, आणि माझी पहिली दोन वर्षे यातच फुकट गेली. पुण्यातल्या आमच्या सोसायटीच्या हिरवळीवर दर पावसाळ्यात रिंगण धरून मोठी पांढरी अळंबी उगवतात. टोपीवर तपकिरी खवले, देठावर वर-खाली सरकणारे कडे. कोवळेपणी त्यांचे कल्ले स्वच्छ पांढरे असतात. त्यातले एक मी पांढऱ्या कागदावर रात्रभर ठेवले, सकाळी कागद कोराच दिसला आणि ठसा पांढरा आहे असे मी छातीठोकपणे सांगून मोकळा झालो. माझ्या शब्दावर शेजारच्या काकू भाजीच्या तयारीला लागल्या होत्या. तिसऱ्या दिवशी त्याच रिंगणातल्या जून अळंब्यांचे कल्ले मळकट हिरवे झालेले दिसले आणि मी धावतच त्यांचे दार गाठले. ते क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस होते, ज्याच्या सेवनाने काही तासांतच भयंकर उलट्या आणि जुलाब सुरू होतात. ठसा पांढरा नव्हताच. कोवळ्या टोपीने तो दिलाच नव्हता.

तेव्हा टोपी पूर्ण उघडलेली, पण सडायला न लागलेली घ्यावी. देठ टोपीला लागून कापावा आणि कल्ले खाली येतील अशी ती कागदावर नव्हे, काचेच्या तुकड्यावर ठेवावी. निम्मा काळा, निम्मा पांढरा कागद वापरावा असे सांगतात. पण पावसाळी हवेत कागद ओल धरतो, टोपीतून सुटलेल्या पाण्याचा तपकिरी डाग पडतो आणि नवशिका त्यालाच ठसा समजतो. काच नंतर काळ्या-पांढऱ्या कशावरही धरता येते. वर वाटी पालथी घालावी आणि पंखा बंद ठेवावा, कारण बीजाणू इतके हलके असतात की वाऱ्याच्या झुळुकीनेही पसरतात. सकाळी वाटी उचलल्यावर काचेवर पांढुरक्या अळ्या वळवळताना दिसल्या तर दचकू नये. त्या टोपीतल्याच असतात. पातळ थरावरून रंग ठरवू नये. ब्लेडने बीजाणू एका जागी खरवडून त्यांची छोटी ढिगली करावी आणि ती दिवसाउजेडी खिडकीपाशी पाहावी. पिवळ्या दिव्याखाली फिकट गुलाबी आणि मळकट पांढरा यांत फरक कळत नाही.

ढिगली मळकट हिरवी असेल तर क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस. चॉकलेटी असेल तर अगॅरिकस, म्हणजे बटण मशरूमच्या, वंशाकडे वळावे, काळी असेल तर शाईसारखी वितळणारी शेणावरची अळंबी आठवावीत. पांढरी असेल तर सर्वांत सावध राहावे, कारण अमॅनिटाचा ठसा पांढरा असतो. टर्मिटोमायसिसचा फिकट गुलाबी पडतो. पण गुलाबी दिसला म्हणजे भाजीला परवानगी मिळाली असे नव्हे, एन्टोलोमा वंशातल्या विषारी जातींचाही ठसा गुलाबीच असतो. ठशाने काय नाही ते कळते. काय आहे ते ठरवायला मूळ, बूड, कडे आणि जागा यांची साक्ष लागते, आणि खाण्याचा निर्णय तर ती जात वर्षानुवर्षे खुडत आलेल्या जाणत्या माणसाने प्रत्यक्ष हातात घेऊन पाहिल्याशिवाय होऊच नये. मोबाइलच्या ॲपवर तर मुळीच नाही. कोणी चुकून खाल्लेच तर लक्षणांची वाट न पाहता उरलेले अळंबे सोबत घेऊन दवाखाना गाठावा. अमॅनिटाच्या विषाची लक्षणे बहुधा ६ तासांनंतरच दिसू लागतात आणि मध्ये थोडा वेळ बरे वाटून फसगतही होते.

उरलेला नमुना उन्हात किंवा मंद आचेजवळ कडकडीत वाळवून कागदी पाकिटात ठेवावा. प्लास्टिकच्या पिशवीत दोन दिवसांत त्याचा चिखल होतो. पाकिटावर तारीख, जागा, जवळचे झाड आणि ठशाचा रंग लिहावा.